तायी कार्डावरचे किलो: कोवळ्या वयातल्या आईचं वजन आणि बाळाचा पुढचा लठ्ठपणा

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजी परवा धाकट्या सुनेचं एक कार्ड घेऊन दारात उभ्या. कर्नाटकात गरोदर बाईला आरोग्य खात्याकडून मिळतं ते 'तायी कार्ड'. तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. कार्ड कन्नडमध्ये आणि घरातले सगळे मराठी शाळेत शिकलेले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांची हीच तऱ्हा. "बाई, जरा वाचून सांगा की काय लिवलंय. वजनावरनं सिस्टर रागावल्या म्हणं."

वय १९. (कार्डावरचं १९ आपल्याकडं कधी कधी खऱ्या वयापेक्षा मोठं असतं, पण ही पोरगी माझीच विद्यार्थिनी, त्यामुळे हे १९ खरं.) उंची १४९ सेंटिमीटर. पहिल्या नोंदीला वजन ४१ किलो, सातव्या महिन्यात ४५. मला काळजी वाटली, आजी मात्र निवांत. "पोट तेवढं वाढतंय, अंगाला काय लागत नाही. बाळ बारीक राहिलं की सुटका सोपी होतीय."

त्यांच्यासोबत थोरल्या सुनेचा नऊ वर्षांचा पोरगा आला होता, हातात चिप्सचं पाकीट. त्याच्याकडे बघून आजी कौतुकानं म्हणाल्या, "हा जन्मला तेव्हा दोन किलोसुद्धा नव्हता. आता बघा, मापाची चड्डी मिळत नाही." त्याची आईही तेव्हा जेमतेम अठराची होती.

आजींच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, सुनेचं न वाढणारं वजन आणि नातवाचं सुटलेलं अंग. एका नातवावरून काही सिद्ध होत नाही हे खरंच. पण या दोन गोष्टींत नातं असतं का, असेल तर कसं, याचा शोध शास्त्रज्ञ गेली पन्नास वर्षं घेतायत, आणि हाती आलेलं उत्तर आजींच्या अंदाजापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे.

## काट्यावर नेमकं काय वाढतं?

गरोदरपणात साडेबारा किलो वाढलेली बाई घ्या. त्यातलं बाळ साधारण साडेतीन किलोचं. बाळ आणि आई यांच्यातली देवघेव जिच्यातून चालते ती वार पाऊण किलोच्या आत. पोटातलं पाणी पाऊण किलोच्या जरा वर, गर्भाशय स्वतःच एक किलोने वाढतं, रक्त सव्वा-दीड किलोने, अंगात साठणारं इतर पाणी दीड किलो, स्तन अर्धा किलो. उरलेले तीन-साडेतीन किलो म्हणजे आईच्या अंगावर साठलेली चरबी. ही चरबी नंतर अंगावर पाजताना कामी येते. ती बाळंतिणीची शिदोरी.

म्हणजे वजनातला बाळाचा वाटा चौथाईच्या थोडा वर. बाकीचं सगळं बाळासाठी उभारलेलं घरदार.

किती वाढावं, हे आई मुळात कशी आहे त्यावर ठरतं. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गाने भागायचं. येणारा आकडा म्हणजे बीएमआय. अमेरिकेतल्या वैद्यकीय संस्थेने २००९ मध्ये ठरवलेली मापं आजही जगभर वापरतात. बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर साडेबारा ते १८ किलो वाढायला हवेत. १८.५ ते २५ मध्ये असेल तर साडेअकरा ते १६. त्याच्या वर ३० पर्यंत ७ ते साडेअकरा, आणि ३० च्या पुढे ५ ते ९. किशोरवयीन मुलींनाही तीच मापं लावतात. आपल्याकडे सरसकट १० ते १२ किलो सांगायची पद्धत आहे.

आमच्या पोरीचा हिशेब करा. ४१ भागिले १.४९ चा वर्ग, म्हणजे १८.५ च्या किंचित खाली. तिचं वजन सातव्या महिन्याच्या शेवटाला नऊ-दहा किलो तरी वाढलेलं हवं होतं. वाढलं होतं चार. सिस्टर उगाच रागावल्या नव्हत्या.

## कलमाचा पहिला मोहोर

आंब्याचं कलम लावलं की पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तरी जाणता माणूस तो खुडून टाकतो. झाड अजून स्वतःच खोड धरतंय, मुळं पसरतंय. फळ धरू दिलं तर फळही किरकोळ निघतं आणि झाडही खुरटतं.

माणसाच्या बाबतीत असंच होतं का, हे तपासायला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅमडेन शहरात १९८०-९० च्या दशकांत गरोदर किशोरवयीन मुलींचा अभ्यास झाला. अडचण अशी की गरोदरपणात पाठीचा कणा दबतो, त्यामुळे उभं करून उंची मोजली तर मुलगी वाढतेय की नाही हे कळत नाही. मग त्यांनी गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी बारीक उपकरणाने मोजली आणि दिसलं की कितीतरी मुली गरोदरपणातही वाढत होत्या.

पुढचं निरीक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या मुली अजून वाढत होत्या त्यांचं गरोदरपणातलं वजन जास्त वाढलं, बाळंतपणानंतर त्यांच्या अंगावर चरबीही जास्त राहिली, आणि तरी त्यांची बाळं दीडशे ग्रॅमच्या आसपास हलकी निघाली. काट्यावरचा आकडा वाढत होता, पण खाल्लेलं आधी आईच्या पदरात पडत होतं. एका ताटात जेवणारी दोघं, आणि दोघंही वाढीच्या वयातली.

कॅमडेनमध्ये निदान ताट भरलेलं होतं. बांगलादेशातल्या खेड्यांमधल्या किशोरवयीन मुलींचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या बाजूला जास्त लागू पडावा असा आहे. ताट अपुरं असलेल्या त्या मुली गरोदर राहिल्यावर त्यांची उंची वाढायची थांबली आणि अंगावरचं मांस-चरबीही घटली. त्याच वयाच्या, गरोदर नसलेल्या मुली वाढतच राहिल्या. खाणं पुरेसं असो वा अपुरं, एका ताटात दोन वाढते वाटेकरी बसल्यावर कुणाचा तरी घास कमी होऊ शकतो. १९ व्या वर्षी उंची बहुतेक थांबलेली असते, हाडं भरणं मात्र चालूच असतं. पंधरा-सोळाव्या वर्षी तर ही ओढाताण ऐन भरात असते.

## पोटात उपाशी राहिलेलं बाळ पुढे जाडं का होईल?

हे ऐकायला उलटंच वाटतं. बारीक जन्मलेलं बाळ बारीकच राहायला हवं.

अथणी-कागवाडकडच्या कोरडवाहू भागात दुष्काळ पाहिलेलं घर आठवा. तिथली म्हातारी माणसं सुगी कितीही चांगली आली तरी आधी कणगी भरतात, मग बाकीचं बघतात. टंचाई पाहिलेल्या माणसाचा हात साठवणीकडे जातो. ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ मध्ये मांडलेला विचार थोडक्यात असाच होता. गर्भाला अन्न कमी मिळालं की त्याचं शरीर काटकसरीच्या हिशेबाने घडतं. मेंदूला आधी, मग बाकीच्यांना. स्नायू कमी, साखर जपून वापरायची, मिळेल ते साठवायचं. बाहेरही टंचाईच असेल तर हे शहाणपण ठरतं. बाहेर कोपऱ्याकोपऱ्यावर चिप्स आणि गोड पेयं असतील तर हीच काटकसर अंगावर येते.

याचा ठळक पुरावा नेदरलँड्समधून आला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तिथल्या पश्चिम भागात भयंकर उपासमार झाली. त्या सुमारास जन्मलेले तरुण १९ वर्षांचे होऊन सैन्यभरतीच्या तपासणीला आले, तेव्हाच्या तीन लाख जणांच्या नोंदी १९७६ मध्ये अभ्यासल्या गेल्या. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात आई उपाशी असलेल्यांमध्ये लठ्ठपणा जास्त निघाला. शेवटच्या तिमाहीत आणि जन्मानंतर लगेच उपासमार सोसलेल्यांमध्ये उलट कमी. उपास कधी घडला, यावर एवढा फरक.

आपल्या शेजारचा पुरावा याहून बोलका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या आयांचा आणि बाळांचा मागोवा घेतला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची. पण कमी काय भरलं होतं? स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ जपलेली. दिसायला काटकुळं आणि आत चरबी राखून ठेवलेलं, असं हे बाळ.

याज्ञिकांनी पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःलाच नमुना म्हणून उभं केलं. शेजारी लंडनचे डॉ. युडकिन. दोघांचाही बीएमआय हुबेहूब २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. वजनाचा काटा माणसाच्या आतलं सांगत नाही, हे दाखवायला याहून चांगला फोटो मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून दोन किलोच्या आत जन्मलेल्या नातवाचं आणि आजच्या त्याच्या ढेरीचं नातं लागू शकतं. लागतंच असं नाही, पण वाट ओळखीची आहे.

## दुसरं टोक: साखरेचा पाट

उपाशी आयांचंच ऐकून थांबलं तर अर्धी गोष्ट राहील. बेळगाव शहरात, निपाणीत, गोकाकात आता भरल्या अंगाच्या गरोदर मुलीही दिसतात. माहेरी आली की सकाळ-संध्याकाळ डिंकाचे लाडू, वर शिरा, आणि 'दोन जिवांची आहेस, दुप्पट खा' हा जप.

उसाला पाटाचं पाणी सोडलं की ते गरज असो-नसो सरीतून वाहत राहतं. आईच्या रक्तातली साखर तशीच वारेतून बाळाकडे जाते. ती आवरणारं इन्शुलिन मात्र वारेतून पलीकडे जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्शुलिन जास्त बनवतं, आणि इन्शुलिनचं कामच साखर साठवायचं. बाळ गुबगुबीत होतं. सगळे खूश. म्हणून गरोदरपणात साखर तपासतात. ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० च्या वर निघाली तर तो गरोदरपणातला मधुमेह.

२०१७ मध्ये तेरा लाखांहून जास्त गर्भारपणांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा मापापेक्षा जास्त वजन वाढलेल्या बायका ४७ टक्के निघाल्या आणि कमी वाढलेल्या २३ टक्के. कमी वाढ असेल तिथे लहान बाळं जास्त, जादा वाढ असेल तिथे मोठी बाळं जास्त. आईचं जादा वाढलेलं वजन आणि मुलाचा पुढचा लठ्ठपणा यांचा संबंधही बऱ्याच देशांत पुन्हा पुन्हा दिसलाय.

कोवळ्या आईला याचा एक जास्तीचा फटका बसतो. जादा चढलेले किलो उतरत नाहीत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय किशोरवयीन आयांचा मागोवा घेतल्यावर तो भार १८ वर्षांनंतरही अंगावर दिसला. दुसरं बाळंतपण लवकर आलं की ते आधीच्या ओझ्यावरूनच सुरू होतं.

## "ते वंशाचंच असतं. बाप जाडा, पोर जाडं"

रास्त शंका. आई आणि मूल एकाच रक्ताचे, एकाच स्वयंपाकघरातले. मग दोघं जाड असली तर दोष पोटातल्या नऊ महिन्यांचा कसा?

यावर तोडगा म्हणजे एकाच आईची दोन मुलं एकमेकांशी ताडून बघायची. आई तीच, चूल तीच. एका वेळी तिचं वजन जास्त वाढलं, दुसऱ्या वेळी कमी. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात ४२ हजारांवर आयांच्या ९१ हजार मुलांवर हे करून २०१३ मध्ये निष्कर्ष छापला. संबंध टिकला, म्हणजे पोटातल्या महिन्यांचा स्वतःचा असा काही वाटा आहे. पण तो छोटा निघाला. आईच्या जास्तीच्या प्रत्येक किलोमागे बाराव्या वर्षाच्या आसपास मुलाचा बीएमआय ०.०२ ने वाढलेला. एका पोराच्या अंगावर हे कळणारही नाही. लाखो पोरांच्या बेरजेत कळतं.

तेव्हा कुणी छातीठोक सांगू लागलं की आईने अमुक खाल्लं म्हणून पोर जाडं झालं, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

## "आमच्या आज्ज्या सोळाव्या वर्षीच बाळंत झाल्या की"

झाल्या. त्यांची किती मुलं गेली हेही त्यांनाच विचारा. आमच्या आजीला नऊ झाली, जगली पाच. जी जगली ती शेतात राबली, शाळेला कोसभर चालत गेली, गोड बघितलं ते सणालाच. काटकसरीचं शरीर घेऊन काटकसरीच्या जगात राहिली, त्यामुळे गणित जुळलं. आजचं पोर तेच शरीर घेऊन वेगळ्या बाजारात येतं.

आणि हे आज्ज्यांपुरतं उरलेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या २० ते २४ वर्षांच्या शंभर बायकांमागे २१ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्तीने असं लग्न मुळातूनच रद्दबातल ठरवलंय. कायदा योग्य आहे, मात्र त्याच्या धाकाने अठराच्या आतली गरोदर मुलगी दवाखान्यात उशिरा येते किंवा वय वाढवून येते, आणि काट्यावर तिची पहिली नोंद होईपर्यंत पाचवा महिना उजाडतो.

## "बाळ लहान तर सुटका सोपी"

हा समज आपल्याकडे इतका रुजलाय की आया-सासवा प्रेमापोटी पोरीला कमी वाढतात. सिझरची भीती खरी आहे. कोवळ्या मुलीचा कटिभाग पूर्ण रुंदावलेला नसतो, तिथे अडचण येऊ शकते. पण त्यावर उपाय बाळाला उपाशी ठेवणं हा नाही. त्याने बाळाचे स्नायू आणि अवयव कमी भरतात, डोकं तेवढ्या प्रमाणात लहान होत नाही. अडीच किलोच्या आतलं बाळ थंडी, जंतू, दूध ओढणं, सगळ्यातच कमी पडतं.

आणि दुप्पट खायचीही गरज नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे गरोदर बाईला रोज साधारण ३५० कॅलरी जास्तीच्या लागतात. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ, एक अंडं. एवढंच.

## खापर परत आईच्याच डोक्यावर?

हा विषय लिहिताना मला याचीच धास्ती वाटत होती. पोरगी पंधरा-सोळाची असताना लग्न कुणी ठरवलं? सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं जेवायचं हा नियम कुणाचा? निपाणीकडे विड्या वळायला बसणारी किंवा ऊसतोडीला जाणारी गरोदर मुलगी दुपारचं खाणं स्वतःच्या मनाने सोडत नाही. कोवळ्या आयांची मुलं जाड का होतात याचं उत्तर देताना गरिबी, अर्धवट सुटलेली शाळा, लवकर बंद झालेलं अंगावरचं दूध हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. त्यातून वजनाचा धागा वेगळा काढणं अवघडच.

शिवाय जन्मानंतरही बरंच काही हातात असतं. दिल्लीत १९६९-७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा मागोवा घेऊन २००४ मध्ये जे छापलं गेलं, त्यात तरुणपणी साखर बिघडलेली मंडळी दुसऱ्या वर्षापर्यंत सडसडीत होती आणि त्यानंतर वयाच्या मानाने भराभर जाड होत गेली होती. पहिल्या दोन वर्षांत बारीक बाळ भरून येणं चांगलंच. घोटाळा पुढे होतो, 'लहानपणी बिचारा अशक्त होता' म्हणून पाचव्या-सातव्या वर्षीही बिस्किटांचा पुडा हातात देत राहिल्यावर.

## मग वेळ कुठली?

याचं एक उत्तर आपल्या गावातच शोधलं गेलंय. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने भारताच्या बाजूने एका चार देशांच्या चाचणीत भाग घेतला. बाकीचे देश काँगो, ग्वाटेमाला आणि पाकिस्तान. काही बायकांना गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पोषक पूरक आहार दिला, काहींना गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू केला, काहींना दिलाच नाही. २०१९ मध्ये आलेल्या निकालात पूरक आहार मिळालेल्यांची बाळं जन्मतः लांबीला चांगली निघाली, आणि आधीपासून घेणाऱ्यांना फायदा जास्त दिसला.

म्हणजे तायी कार्ड हातात पडेपर्यंत महत्त्वाचे आठवडे निघून गेलेले असतात. शाळेतल्या मुलीच्या ताटात काय पडतंय, ती वीस-एकविशीपर्यंत वाढू शकतेय का, तिथेच बरंचसं ठरून जातं.

तरी सातवा महिना म्हणजे सगळं संपलं असंही नाही. शेवटच्या तिमाहीतच बाळाचं वजन सगळ्यात जोरात भरतं. लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, दर खेपेला शक्यतो त्याच काट्यावर वजन करायचं, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, तिला जायचं. कर्नाटकात २०१७ पासून 'मातृपूर्ण' योजनेत अंगणवाडीत गरोदर आणि बाळंतिणींना दुपारचं गरम जेवण मिळतं, सोबत दूध, अंडं आणि शेंगदाण्याची चिक्की. गरोदरपणात वजन कमी करायला म्हणून उपास करायचे नाहीत, जाड बाईनेसुद्धा नाही. तिचं माप डॉक्टर ठरवतील.

हे सगळं आजींना सांगायला मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. सून भाकरी थापत होती. तिला विचारलं, अंगणवाडीत अंडं मिळतं ना रोज? तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि पुतण्याकडे बघून हसली. "डब्यातनं घरी आणते, बाई. त्याला लई आवडतंय."

आजी काही बोलल्या नाहीत. मग पोराच्या हातातलं पाकीट काढून घेत म्हणाल्या, "उद्यापासनं तिथंच बसून खायाचं. आणि डबा न्यायचा न्हाई."